आपोआप सुरू होणारे कार्यालय

साक्रीच्या त्या दाखला कार्यालयातला संगणक सकाळी दहाला चालू करत आणि तो बाराच्या सुमारास कामाला लागे. यात त्याचा काही दोष नव्हता. बदली झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने जाताना आपली आठवण म्हणून त्यात एकेक प्रोग्रॅम ठेवला होता, आणि बटण दाबताच ते सगळे आपोआप उठून बसत. एक राहुकाळ सांगे. एक वृक्षारोपणाचे फोटो दाखवी. व्हायरस शोधणारे दोन होते. ते सकाळभर एकमेकांवरच संशय घेत. ‘संगणक वेगवान करा’ नावाचाही एक होता. सर्वांत जास्त वेळ तोच घेई.

नवीन ऑपरेटर हेमांगी जळगावची, भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली. संगणकातल्या यादीत या प्रोग्रॅमच्या नावांपुढच्या खुणा काढल्या की काम भागते, हे तिने पहिल्याच आठवड्यात पाहिले. काही पुसायचे नाही, फक्त आपोआप उठू द्यायचे नाही. तिने वरिष्ठ लिपिक चुडामण नानांना विचारले.

“पोरी, राहुकाळ मागच्या साहेबांचा आहे,” नाना आवाज खाली आणत म्हणाले. “फोटो भुसावळला बदलून गेलेल्या साहेबांचे. उद्या ते भेटायला आले आणि फोटो दिसले नाहीत तर?”

“आजवर कोणी आलं का, नाना?”

“नाही ना. म्हणूनच आता कधीही येतील.”

प्रकरण साहेबांकडे गेले, साहेबांनी समिती नेमली. समितीने शिफारस केली, की आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमवर देखरेख ठेवणारा एक प्रोग्रॅम बसवावा. तो आपोआप आणि सर्वांच्या आधी सुरू व्हावा. तेव्हापासून संगणक एकच्या सुमारास कामाला लागू लागला. उशीर का झाला, याचा अहवाल मात्र रोज वेळेवर येई.

अशात एका बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या पाड्यावरून बेबाबाई आल्या. नात दिपमालाला धुळ्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. रहिवासी दाखला संध्याकाळच्या आत तिथे पोचला नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

“बाई, दुपारनी गाडी सापडी का?” त्यांनी विचारले.

हेमांगीने समितीला न विचारता सगळ्या खुणा काढल्या. संगणक बंद करून चालू केला. ती खुर्ची ओढून बसेपर्यंत तो तयार होता.

तिने पहिला नंबर पुकारला. कोणी आले नाही. दुसरा, तिसरा, बाक रिकामेच. लोक सकाळी नंबर लावत, बाजार करत, जेवत आणि एकला येत. बेबाबाई पहिल्यांदाच आल्या असल्याने त्यांना ही रीत ठाऊक नव्हती; त्या तिथेच बसून होत्या. त्यांचा दाखला तयार झाला. राहिली साहेबांची सही. साहेब एकला येत, कारण संगणक एकला सुरू होई.

एकला साहेब आले, आणि त्यांच्यामागून भाजीच्या पिशव्या घेतलेली मंडळी.

“आमचे नंबर होऊन गेले?” सुकलालभाऊ कडाडले. उशिराची तक्रार दर महिन्याला तेच करत. “यंत्र वेळेवर सुरू होणार होतं, तर आधी कळवायला नको? माणसानं बाजार करायचा कधी?”

“साहेब, आधी ही एक सही—” हेमांगी म्हणाली.

“आधी जनता,” साहेब म्हणाले. ते लोकशाही मानणारे होते. “जुनी पद्धत परत हवी असेल त्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर गेले. त्यांतल्या एका हातात सही न झालेला दाखला होता.

नानांनी सगळ्या खुणा परत लावल्या आणि संगणक बंद करून चालू केला.

“अक्का, तुम्हीसुद्धा?” हेमांगीने विचारले.

“बठ्ठास्ना हात वर गयात, माय,” बेबाबाई म्हणाल्या. “मना बी गया.”

बाहेर धुळ्याची दुपारची गाडी निघून गेली.

बेबाबाईंना हसण्याआधी वाचकांनी एवढेच आठवून पाहावे: परवा तुमच्या फोनने काहीतरी विचारले आणि तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलेत, ते नेमके काय मान्य केलेत?