पोचल्यावर मिसकॉल

बास्केट पडली की नाही हे दुसऱ्याला विचारावं लागणारा बास्केटबॉलचा कोच मी आयुष्यात एकच पाहिला. आमचा हरेश्वर.

मुलीने उडी मारली, चेंडू हातातून सुटला, की सगळं मैदान रिंगकडे बघतं. हा बघतो मुलीच्या पायांकडे. ती नीट जमिनीवर उतरेपर्यंत याचा श्वास अडकलेला. "खाली ये, बाय, खाली ये... आली!" मग बाजूला उभ्या असलेल्याला कोपराने ढोसून विचारणार, "पडली काय?" एकदा तर सामना संपला, मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या, आणि हा घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. "कुमुदबाय, कोणाला लागलं?" म्हटलं, "अरे, जिंकलात तुम्ही!"

मी हरेश्वरला पालघरच्या कॉलेजपासून ओळखते. नवापूरच्या मच्छीमाराचा मुलगा, ताडासारखा उंच. वर्गाच्या दारातून वाकून आत यायचा, त्यामुळे नवीन प्राध्यापकांना वाटे, मुलगा फार नम्र आहे. मैदानावर मात्र त्याला बघायला गर्दी लोटायची. त्या गर्दीत मी पुढे. नुसतं बघून भागेना म्हणून मी मुलींच्या संघात नाव दिलं. दोन वेण्या, त्यांना रिबिनी, आणि डोक्यात भलते विचार. चेंडू मी भोपळ्यासारखा पोटाशी धरून पळत असे. माझ्या कारकिर्दीत मी एकच बास्केट केली, ती आमच्याच रिंगमध्ये, आणि वर दोन्ही हात उंचावून हरेश्वरकडे बघितलं. तो माझ्या पायांकडे बघत होता. मी लाजून चूर! महिनाभर त्या नजरेवर तरंगत होते. पुढे कळलं, माझ्या बुटाची नाडी सुटली होती.

कॉलेज संपल्यावर खेळाच्या जोरावर त्याला बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. कारखान्याचा संघ होता तोवर खेळला, संघ मोडल्यावर पाळी संपवून मुलींना शिकवायला लागला. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळी मैदानावर शिट्टी वाजतेच. माझी नात जुईही तिथेच जाते. लग्न त्याने केलं नाही. काळजी करायला स्वतःची मुलंबाळं असावीच लागतात असं नाही, हे त्याच्याकडे बघून पटतं.

त्या काळजीचा एक नियमच आहे. सराव संपला, की प्रत्येक मुलीने घरी पोचल्यावर त्याला मिसकॉल द्यायचा. हा रिंगच्या खांबाला टेकून जुना बटणांचा फोन हातात घेऊन बसतो. एकेक घंटी वाजते. "जुई पोचली. नेहा पोचली." शेवटची घंटी वाजल्याशिवाय मैदान सोडत नाही. मुली म्हणाल्या, "सर, व्हॉट्सॲप घ्या ना." तर म्हणे, "नको. त्याच्यात लोकं सकाळचे फुलं पाठवतात. मना घंटी पायजे."

हे खूळ कुठून आलं, ते त्याने मला एकदाच सांगितलं, तेही चेंडूत हवा भरता भरता. लहानपणी बापाची होडी अंधार पडल्यावर किनाऱ्याजवळ आली, की बाप होडीतून बॅटरीचा झोत मारायचा. एकदा पेटवायची, विझवायची. आई दारात उभी असायची. झोत दिसला की आत जाऊन भात टाकायची. त्याआधी नाही.

"आणि एक दिवस बॅटरी दिसली नाय," तो म्हणाला, आणि पंप मारत राहिला. 

आता त्या संध्याकाळबद्दल.

सराव नुकताच संपला होता. जुई घरी येऊन आधी हातपाय धूत होती, मिसकॉल द्यायचा राहिलाच होता, आणि अचानक वीज गेली. आमच्या इमारतीचीच नाही, सगळ्या बोईसरची. थोड्या वेळात फोनचे टॉवरही बंद पडले. रसायनांच्या कंपन्यांकडून रोजचा तो नाक चुरचुरवणारा वास येत होता, पण अंधारात तोही जास्त वाटायला लागला. दारावर थाप पडली. उघडून बघते तर हरेश्वर. हातात पाण्याची निळी बाटली.

"ही जुईची काय? मैदानाव रायली होती."

बाटली त्याची स्वतःची होती. जुई मोरीतून ओरडली, "माझी नाही, सर!" तिचा आवाज ऐकून याचा चेहरा जरा उजळला. "नाय ना? बरं बरं." आणि वळला. पण जाता जाता बोटांवर बाकीच्या मुलींची नावं मोजत होता.

"थांब," म्हटलं, "मी येते. तुझा हा चेहरा घेऊन एकटा गेलास तर पोरींच्या आया घाबरून मरतील."

त्याच्या स्कूटरवर मागे बसले. कॉलेजात असताना याच प्रसंगाची मी किती स्वप्नं पाहिली होती! स्वप्नात माझे गुडघे दुखत नव्हते, एवढाच फरक.

आम्ही दारोदार फिरलो. चाळीतल्या भाड्याच्या खोल्या, पाळीच्या बसची वाट बघत अंधारात उभे कामगार, पार नवापूरपर्यंत. प्रत्येक दारात तोच प्रश्न, "ही बाटली तुझी काय?" आणि प्रत्येक पोरगी "नाही, सर" म्हणाली की हा खूश. नवापूरच्या एका आजीने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, सर एका बाटलीसाठी एवढं पेट्रोल का जालतात?"

शेवटी राहिली वनिता. बेटेगावची. आईबाप डोंगराकडून कामासाठी इथे आलेले. बोलायला कमी, धावायला वारा. दारात तिची म्हातारी आजी चिमणी लावून बसली होती. हरेश्वरने बाटली पुढे केली.

"वनी नाय घरात," आजी म्हणाली. "ती तं सराकडं गेलीय."

"अवो, मीच सर! सराव कवाच सुटला!"

"हा, तं सराकडंच गेली," म्हातारीने पुन्हा तेच सांगितलं. तिला कमी ऐकू येत होतं. आईबाप कामावरून आले नव्हते.

हरेश्वरने स्कूटरला किक मारली. परतीच्या रस्त्याने आम्ही प्रत्येक रिक्षात डोकावलो. एका रिक्षावाल्याला त्याने थांबवलंच. "भैया, एक लडकी देखी क्या? निळा ड्रेस, दोन वेण्या." तो म्हणाला, "अंकल, अंधेरे में अपना हाथ नहीं दिख रहा." कडेच्या गटारांकडे हरेश्वर बघत होता, आणि मी तो कुठे बघतोय ते बघणं टाळत होते.  

"चौकीत जाऊ," तो म्हणाला. "टीमचा फोटो घरी हाय. तो घेऊ."

त्याची खोली आमच्या समोरच, मैदानापलीकडच्या चाळीत. स्कूटरचा दिवा पायरीवर पडला, तर कुलूप लावलेल्या दाराशी कोणीतरी गुडघ्यांना मिठी मारून बसलेलं. ते उठून उभं राहिलं.

"सर," वनिता म्हणाली, "मी घरी पोचले."



"फोन लागत नव्हता," ती सांगायला लागली. "मंग वाटलं, सर खांबाशीच बसून राहातील. म्हणून सांगाया आले. तं तुमी मैदानाव नाय, घरी पण नाय."

"कशी आलीस?"

"बाजूचे काका रिक्षा घेऊन इकडं येत होते. त्यांनी सोडलं."

"आन आता घरी कशी जाशील?"

वनिताने विचार केला. "ते नाय ठरवलं."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. हिला परत घरी सोडायचं, म्हणजे ही परत पोचणार, आणि फोन बंद असल्यामुळे परत सांगायला येणार. हे दोघं जन्मभर एकमेकांना पोचल्याचं कळवत बोईसर-बेटेगाव करत राहिले असते. हरेश्वर रागावेल असं मला वाटलं होतं. तो पायरीवर बसला आणि त्याने तिच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पायांत चपला होत्या. मग त्याने निळी बाटली उघडली, तिला दिली, आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायला.

रिक्षा करून आम्ही तिला बेटेगावला सोडलं. दारात शिरता शिरता ती वळली. "सर, तुमी पोचल्याचं कोणाला सांगता?"

"मी? मना काय..." तो म्हणाला, आणि रिकाम्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला. झाकण केव्हाच घट्ट बसलेलं होतं.

आम्ही परत आलो. माझ्या दारात मी उतरले आणि म्हटलं, "पोचलास की कळव."

"समोर तर जायाचं हाय. आन फोन बंद हाय, बाय."

"ते तुझं तू बघ."

वर आले. जुई मेणबत्ती लावून जेवायला थांबली होती. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. मैदान काळंभोर, रिंगसुद्धा दिसेना. समोरच्या चाळीत सगळा अंधार. एवढ्याशा अंतरात माणसाला काय होणार आहे, असं मी स्वतःला समजावत होते, आणि कठडा मात्र घट्ट धरला होता. असाच जीव मुठीत धरून तो रोज खांबाशी बसतो की काय!

पलीकडे बॅटरी पेटली. विझली.

मी आत गेले आणि तांदूळ धुवायला घेतले.

"आजी," जुई म्हणाली, "भात तर झालाय."

"असू दे गं," म्हटलं, "अजून थोडा टाकते."