आण्णांची वाडी आणि कोरम

आण्णा कदमांच्या घरी चहासुद्धा ठरावाशिवाय होत नसे. तुम्ही जाऊन बसलात की आण्णा चष्मा लावायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "पावण्यास्नी च्या द्यावा, असा ठराव मी मांडतोय. अनुमोदन?" आता घरात पावण्याशिवाय दुसरं कोणी नाही. म्हणजे स्वतःच्या चहाला स्वतःच हात वर करायचा. एकदा मी वैतागून हात वर केला नाही, तर "ठराव बारगळला" म्हणून त्यांनी पातेलं खाली उतरवलं आणि पाऊण तास मला कोरड्या घशाने बसवून ठेवलं.

आण्णा कॉलनीत माझे शेजारी. पस्तीस वर्षं एका गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. संस्थेतून ते निवृत्त झाले, पण संस्था काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. "दूध नासलं तर चालंल, इतिवृत्त नासता कामा न्हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन बेळगावला. त्यामुळे हा सगळा कारभार ऐकायला आम्ही शेजारीच उरलो होतो.

कळंब्याच्या पुढे त्यांची दोन एकर जमीन. बारमाही पाणी, उभा ऊस. एक दिवस त्यांनी तो ऊस तोडून दिला आणि परत लावायचा नाही असं जाहीर केलं. आमच्या भागात एखादा संन्यास घेतो म्हणाला तर लोक हसून सोडून देतील. पण ऊस लावत नाही म्हणाला, तर त्याच्या नातेवाइकांना फोन जातात. बेळगावला फोन गेलाच. मुलगी धावत आली, बापाचा रक्तदाब तपासून परत गेली.

आण्णांना गाव वसवायचं होतं. चार घरं, एक विहीर, एक चूल, जमीन सगळ्यांची मिळून, मध्ये बांध नाही. विषारी फवारणी नाही, दुकानचा साबण नाही, सांडपाणी केळीला. नाव 'आपली वाडी'. मी कॉलेजात भूगोल आणि पर्यावरण शिकवलेलं, म्हणून त्यांनी पहिलं मलाच गाठलं.

"प्रोफेसर, तीस वर्षं पोरास्नी सांगितलासा न्हवं? मग आता करून दावा की."

मी अडकलो. माझ्यामागून दातांचे डॉक्टर मुळीक त्यांच्या आईसकट अडकले आणि चित्रकलेच्या शिक्षिका सुनीताताई अडकल्या. आण्णा धरून चार सभासद, कोरम तिघांचा. दर बुधवारी साडेचारला सभा. आण्णा कॉलनीतलं घर बंद करून वाडीवर राहायलाच गेले. आम्ही पावसाळ्याआधी जायचं, असं ठरलं.

"तिघं तरी कायम ऱ्हायला पायजेत," ते बजावायचे. "न्हाईतर ह्येला गाव म्हनत न्हाईत. राखणदाराची खोप म्हनत्यात."

मग सुरू झाला छळ. दुसरा शब्द मला सापडत नाही. दर रविवारी आम्ही चिखल तुडवायचा. भिंतींसाठी माती, भुसा आणि शेण यांचा काला, आणि त्यात साठी उलटलेला मी, गुडघ्यापर्यंत पँट वर करून! माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने मोटारसायकल थांबवून तो देखावा बघितला. "सर, बरं चाललंय ना?" असं त्याने ज्या सुरात विचारलं, तो सूर मी जन्मात विसरणार नाही. वर आण्णा बांधावर छत्री घेऊन उभे. "प्रोफेसर, टाचंनं तुडवा! हे काय खडूनं लिवणं न्हवं."

तेही सोसलं असतं. पण तक्रार करायची सोय नाही, हे कुठल्या राज्यात चालतं? मुळीकांच्या आईंना उकिडवं बसता येईना. त्यांनी संडासाचं गाऱ्हाणं मांडलं, तर आण्णा म्हणाले, "लेखी द्या." पंचाहत्तर वर्षांच्या बाईने संडासाबद्दल लेखी द्यायचं! सुनीताताईंना वाटेवर धामण दिसली. त्या किंचाळल्या, तर आण्णा म्हणाले, "ती आपल्याआधीची सभासद हाय. उंदरं खाती. तिला बोलायचं काम न्हाय."

आणि मग आमच्या हिचं. समाईक चुलीपुढे भाकरी करताना हिचे डोळे इतके चुरचुरले की बिचारीला समोरचा तवा दिसेना. मी म्हणालो, "आण्णा, इथे गॅस आणा, नाहीतर धुराचं काहीतरी बघा."

"विषयपत्रिकेवर न्हाय," आण्णा म्हणाले.

"डोळ्यांतलं पाणी काय विषयपत्रिका बघून येतं?" मी ओरडलो. आजूबाजूच्या उसातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली, इतका ओरडलो. "ही वाडी कसली, ही तुमची जुनी कचेरी आहे! तुम्हाला शेजारी नकोत, हात वर करणारी बुजगावणी पाहिजेत!"

"पंधरा दिवस आधी लेखी द्या," आण्णा शांतपणे म्हणाले, आणि विहिरीकडे चालू पडले.

त्या रविवारनंतर मी गेलो नाही. मुळीक गेले नाहीत, सुनीताताईही गेल्या नाहीत. पावसाळा तोंडावर आला. आण्णांचा एकदाही फोन नाही. त्याचाही मला रागच आला. तीन सभासद एकदम गळाले तर माणूस निदान चौकशी करतो! शेवटी मी ठरवलं, लेखीच पाहिजे ना? घ्या लेखी. पान भरून राजीनामा लिहिला, त्यात 'मनमानी' हा शब्द तीन वेळा घातला, आणि नियमाप्रमाणे सभेत द्यायचा म्हणून बुधवारी वाडीवर गेलो.

स्वयंपाकघरातून आण्णांचा खणखणीत आवाज येत होता. म्हणजे बाकीचे माझ्या नकळत यायला लागले की काय? मी चिडून खिडकीशी गेलो. आत चार पाट मांडलेले. एकावर आण्णा, तीन रिकामे.

"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे," आण्णा वाचत होते. "कुणाची हरकत?" ते थांबले. एकेका पाटाकडे रीतसर बघितलं. "हरकत न्हाय. विषय दोन. मुळीक डॉक्टरांच्या मातोश्रींना उकिडवं बसवत न्हाय, सबब संडासात लाकडी बैठक व धरायला दांडा. काम पूर्ण, मंजुरी बाकी. विषय तीन. सुनीताताईंना जनावराची भीती, सबब वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत काढणे. काम पूर्ण, मंजुरी बाकी. विषय चार. प्रोफेसरांच्या मंडळींच्या डोळ्यांना धूर सोसत न्हाय, सबब चुलीला धुराडं."

मी चुलीकडे बघितलं. मातीचं नवंकोरं धुराडं थेट छपराबाहेर गेलेलं होतं. पस्तीस वर्षांत मंजुरीआधी एक खिळा न ठोकणारा हा माणूस! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या, पण आता राग कुणावर काढायचा तेच कळेना.

"अनुमोदन?" आण्णांनी विचारलं. पुन्हा थांबले. मग वहीत लिहीत म्हणाले, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब." ते उठून बाहेर आले, तर दारात मी.

"कवा आलासा?"

"आत्ताच."

"सभा तहकूब हाय. अर्ध्या तासानं घेतो आत."

आणि खरंच घेतलं नाही. दोघंही पायरीवर बसून राहिलो. शेवटी मीच विचारलं, "आण्णा, कोणी येत नाही तर सभा कशाला घेता?"

"बंद केली आन् उद्या कोण आलं, तर बसंल कुठं?" ते केळीकडे बघत होते. आवाज उतरवून म्हणाले, "आन् कसं हाय प्रोफेसर, घरात एकटा बोलाय लागलो तर लोक येडा म्हनत्यात. हितं ते इतिवृत्तात जातंय."

मला लाज वाटली. इतके दिवस शेजारी राहून, त्यांच्या चहाला हात वर करताना मला फक्त वैताग आला होता.

अर्धा तास भरल्यावर आम्ही आत गेलो. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हा नियम आण्णांनी मला वाचून दाखवला. मी तिन्ही ठरावांना अनुमोदन दिलं. राजीनामा खिशातच राहिला. मग हिला फोन केला, "आज इथेच मुक्काम करतोय."

"पुन्हा भांडलात का?"

"नाही. सभा चाललीय."

आण्णा वहीत तोंड खुपसून बसले होते. फोन ठेवला तसे ते परसात गेले आणि मला पांघरायला दोरीवरची एक वाकळ घेऊन आले. मी बाहेर डोकावलो. दोरीवर अजून तीन होत्या. वाकळ हातात घेतली तर चांगली गरम लागली.

"दर बुधवारी उन्हात टाकतोय," आण्णा म्हणाले. "कोण आलंच, तर कुबट वास नगो."