चाळीस ठिकाणची ‘चि’

शुद्धलेखनाच्या बाबतीत आमच्या नोंदणी कार्यालयात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बावीस वर्षं मी जन्म, मृत्यू आणि लग्नांच्या नोंदी करतोय. या बावीस वर्षांत एकही बाळ माझ्यामुळे चुकीच्या नावानं मोठं झालेलं नाही, आणि एकाही नवरदेवाचं लग्न कागदोपत्री भलत्याच बाईशी लागलेलं नाही. त्यामुळे सासूबाईंचं पाककृतींचं पुस्तक आपणच काढायचं असं घरात ठरलं, तेव्हा ते काम कोणी करायचं हा प्रश्नच आला नाही. खरं म्हणजे मी तो येऊच दिला नाही.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. एकतीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होत्या. दोनशे पेशंट, दिवसातून तीन वेळा. तिथे त्यांना सगळे ‘डावबाई’ म्हणायचे, कारण डाव हातात नसताना त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं. औषधांनी ज्यांच्या तोंडाची चव मेलेली असे, ती माणसं त्यांचं भोपळ्याचं सूप मागून मागून प्यायची. एका पेशंटला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं, तेव्हा त्यानं म्हणे विचारलं होतं, की दुपारचं जेवून निघालं तर चालेल का.

निवृत्त होऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि लक्षात आलं, की एवढं सगळं ज्ञान आहे, पण एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. सगळं डोक्यात, त्यातलंही निम्मं बोटांत. माझी बायको औषधांच्या दुकानात काम करते. तिचा सगळा व्यवहार मिलिग्रॅममध्ये. तिनं एकदा आईला विचारलं, की सुपात मीठ किती घालायचं. आई म्हणाल्या, “लागेल तेवढं.” त्या दिवशी मी पुस्तकाची जबाबदारी घेतली.

पुढचे चार महिने मी वजनकाटा घेऊन त्यांच्या मागे फिरलो. वासरू गाईमागे फिरतं तसा. अडचण अशी, की मी काटा पुढे करेपर्यंत मीठ पातेल्यात पडलेलं असे. शेवटी मी शक्कल काढली. आधी मिठाच्या बरणीचं वजन करायचं, त्यांनी मीठ घातलं की परत करायचं. अशी मी त्यांची मूठ दहा वेळा मोजली. नऊ वेळा बेचाळीस ग्रॅम. एकदाच त्रेचाळीस भरली, तेव्हा त्यांनी न विचारताच सांगितलं, “आत्ता जरा जास्त आली.” त्यांची चिमूट दोन ग्रॅमची. माझ्या बायकोच्या दुकानातला काटा अधूनमधून दुरुस्तीला जातो. ही बाई एकतीस वर्षांत एकदाही गेली नव्हती.

दोनशे माणसांची मापं आम्ही चौघांपुरती केली. तो भागाकार बायकोनं केला, म्हणून बरोबर आहे. टंकलेखन मी केलं. आणि इथे मला आमच्या घरच्या जुन्या कीबोर्डबद्दल थोडं सांगायला हवं. त्यावर ‘ठ’ काढायचा तर ‘ट’च्या बटणासोबत आणखी एक बटण दाबावं लागतं, आणि ते आणखी एक बटण त्याच्या मनात आलं तरच चालतं. त्यामुळे सगळं लिहून झाल्यावर वाचलं, तर निम्म्या ठिकाणी ‘मूठ’ होती आणि निम्म्या ठिकाणी ‘मूट’. माझ्यासारख्या माणसाच्या पुस्तकात ‘मूट’! मी लगेच संगणकाला हुकूम सोडला, की जिथे जिथे ‘मूट’ असेल तिथे तिथे ‘मूठ’ कर. त्यानं क्षणात चौसष्ट ठिकाणी बदल केल्याचं कळवलं. माझ्या अंदाजानं चुका वीस-पंचवीस असाव्यात. चौसष्ट आकडा पाहून मला उलट बरं वाटलं. म्हटलं, बघा, आपल्या नजरेतून सुटलेलंही सापडलं.

बायको म्हणाली, छापायला देण्याआधी एकदा मी नजर टाकते. मी म्हटलं, तू औषधं बघ, अक्षरं मी बघतो.

छापखान्याचे मालक फार काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी तीनशे प्रती छापून सोमवारी घरी पोचवल्या. पिवळं मुखपृष्ठ, त्यावर सुपाचं पातेलं, खाली आईंचं नाव. आईंनी प्रत हातात घेतली, पदरानं पुसली, नावावरून बोट फिरवलं आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळानं नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात यशस्वी दिवस होता. त्यानंतरही तशी अडचण नव्हती, गुरुवारपर्यंत.

गुरुवारी दुपारी हॉस्पिटलच्या जेवणघरात पुस्तकाचं प्रकाशन होतं. आईंच्या जागी आलेले नवे मुख्य आचारी पुस्तकातलं पाहूनच दोनशे जणांसाठी भोपळ्याचं सूप करणार होते. समारंभाआधी पुस्तक आणखी कोणाला द्यायचं नाही असं ठरलं होतं. पण मला धीर कुठला? मी तीस प्रती शेजारीपाजारी आणि ओळखीपाळखीत वाटून आलो.

गुरुवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई आल्या. त्यांचा आवाज बसला होता. बुधवारी त्यांनी पान सातवरचं सूप केलं होतं. सूप छानच झालं, असं त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, फक्त आमच्या घरी सवय नाही म्हणून जरा खारट वाटलं. मी म्हटलं, हॉस्पिटलची चव आहे, हळूहळू कळते. त्या मान डोलवत, पाणी मागून पिऊन गेल्या.

मग निवृत्त हेडमास्तरांचा फोन आला. दुधातल्या भातासाठी ते जायफळ किसत बसले होते. गावातल्या दोन दुकानांतली जायफळं संपली, चार बोटं सोलली, तरी माप पुरं होईना. कुठल्या जातीचं जायफळ घ्यावं, असं ते अगदी नम्रपणे विचारत होते. एवढ्यात समोरचे बस कंडक्टर दारात उभे. बायकोच्या वाढदिवसाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा केक केला होता. तो फुगून ओव्हनच्या छताला चिकटला होता आणि आता ओव्हनचं दार उघडत नव्हतं. सोडा पुस्तकात लिहिलाय तेवढाच घातला, असं ते शपथेवर सांगत होते.

“किती लिहिलाय?” बायकोनं विचारलं.

“मूठभर,” कंडक्टर म्हणाले.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक उघडलं. मूठभर मीठ, मूठभर मिरपूड, मूठभर सोडा. ती पान आणि ओळ मोठ्यानं वाचत पानं उलटत गेली आणि मी आकसत गेलो. अख्ख्या पुस्तकात चिमूट म्हणून शिल्लक नव्हती. पाककृतींत ती चाळीस ठिकाणी होती, चाळीसही ठिकाणी तिची मूठ झाली होती.

मी छापखान्याच्या मालकांना फोन लावला. आवाज चढवूनच बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तुमच्या मजकुरात सगळीकडे ‘चिमूठ’ असं लिहिलं होतं. असा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी शब्दकोश उघडला, त्यातही नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं, की ‘चि’ चुकून पडलेली दिसते. त्यांनी रात्र जागून एकेक ‘चि’ हातानं काढली होती. “तुमच्यासारख्या माणसाच्या पुस्तकात अशुद्ध शब्द जाऊ नये, म्हणून,” ते म्हणाले. चौसष्टांतल्या बहुतेक ‘मूट’ या ‘चिमूट’मधल्या होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात उतरलं. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

आई हे सगळं खुर्चीत बसून ऐकत होत्या. मला वाटलं आता बोलतील, रडतील, निदान मला जावई म्हणून घेतल्याचा पश्चात्ताप तरी व्यक्त करतील. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं.

“सुपात मी चार चिमटी सांगितल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आता चार मुठी झाल्या. आणि तिकडे तो माणूस पन्नास पट करतोय.”

दोनशे मुठी मीठ. आठ किलोंच्या वर. आणि जेवणारे कोण, तर पेशंट.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला फोन कोणी उचलेना. आईंनी चपला घातल्या. आम्ही तिघं टॅक्सीत बसलो. वाटेभर मी बोलत होतो, बायको बोलत नव्हती, आणि आई खिडकीबाहेर बघत हलक्या आवाजात हिशोब करत होत्या: इतके बटाटे, इतकं पाणी, हृदयविकारवाल्यांचं पातेलं वेगळं. एक शब्द मला लावून बोलल्या नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

स्वयंपाकघरात शिरलो तर वाफेत ते भलंमोठं पातेलं, बाजूला मिठाचं पोतं, चौरंगावर पिवळं पुस्तक पान सातवर उघडं, आणि मुख्य आचारी दोन्ही हात कमरेवर ठेवून पातेल्याकडे बघत उभे. पन्नाशीचे, आडव्या बांध्याचे. कारखान्याच्या कॅन्टीनमधून इथे आलेले. आईंची आणि त्यांची आधी ओळख नव्हती.

“किती घातलं?” आईंनी विचारलं.

आचारी ओशाळले. म्हणाले, दहा मुठी घातल्या आणि पुढे हात चालेना. पुस्तकात दोनशेचा हिशोब येतोय. तीनदा मांडला, तीनदा तोच आला. पुस्तक डावबाईंचं, त्याला खोटं कसं म्हणायचं? पण अकरावी मूठ भरली, तरी ती पातेल्यावर उघडेचना. म्हणून अर्धा तास ते असेच उभे होते.

आईंनी भिंतीवरचा डाव घेतला. कुठे टांगलेला असतो ते त्यांना बघावं लागलं नाही. सूप ढवळलं, थोडं फुंकून चाखलं. आम्ही सगळे त्यांच्या घशाकडे बघत होतो.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पुस्तक माझं असलं तरी हात तुमचा आहे. त्याचं ऐकलंत, बरं केलंत.”

मी तिथेच भिंतीला टेकून मनातल्या मनात गुणाकार केला. दोनशे चिमटी म्हणजे चारशे ग्रॅम. दहा मुठी म्हणजे चारशे वीस. आणि त्या माणसाची मूठ आईंच्या मुठीपेक्षा जराशी लहान होती. चार महिने मी काटा घेऊन फिरलो होतो, आणि हे दोघं एकमेकांना न भेटता त्याच आकड्यावर येऊन पोचले होते. माझ्याकडे टोपी असती तर मी ती काढली असती.

प्रश्न उरला समारंभाचा. जेवणघर भरलं होतं. नर्स, वॉर्डातले कर्मचारी, चालता येणारे पेशंट, चालता न येणारे चाकाच्या खुर्चीत. प्रत्येकाच्या ताटाजवळ पुस्तक ठेवलेलं. बायकोचं म्हणणं पडलं, की सगळ्या प्रती निमूट परत गोळा कराव्यात. मी म्हटलं, मी आजारी पडतो, हॉस्पिटल आहेच. आईंनी आमच्या दोघांचंही ऐकलं नाही. त्या सरळ माईकपाशी गेल्या. आयुष्यात माईकवर कधी बोलल्या नव्हत्या, पण दोनशे माणसांसमोर उभं राहायची सवय होती.

“पुस्तकात चाळीस चुका आहेत,” त्यांनी सांगितलं. “प्रत्येकानं पेन घ्या. पान सात, ओळ चौथी. मूठच्या आधी ‘चि’ लिहा, ‘ठ’चं नंतर बघू.”

नर्सच्या खिशांतून पेनं निघाली, डॉक्टरांच्या खिशांतून निघाली, आणि दोनशे माणसं माना खाली घालून ‘चि’ लिहायला लागली. आई पानामागून पान सांगत होत्या, पुस्तक न उघडता. पान अकरा, ओळ दुसरी. पान चौदा, दोन ठिकाणी. ज्याच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं त्याची ‘चि’ शेजारचा लिहीत होता. एका आजोबांनी चष्मा नव्हता म्हणून नर्सला सांगून तीनदा तपासून घेतली. कोणीतरी मधेच विचारलं, “बाई, पान वीसवर मिरपूड खरंच मूठभर नको ना?” आणि सगळं जेवणघर हसलं. आईही हसल्या. मला वाटतं, नुसती भाषणं झाली असती तर ते पुस्तक तिथल्या कोणी पुढे उघडलंही नसतं. आता प्रत्येकाच्या प्रतीत प्रत्येकाच्या हाताचं काहीतरी होतं. सूप वाढेपर्यंत लोक एकमेकांच्या ‘चि’ बघत बसले होते.

चाळिसावी झाल्यावर टाळ्या पडल्या. मलाही प्रामाणिकपणाची लाट आली. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, की आणखी एक ‘चि’ राहिली. माझ्या प्रस्तावनेत, शेवटच्या ओळीत.

आईंनी मला ती वाचून दाखवायला सांगितली.

मी वाचली. “हे सारे श्रेय माझ्या सासूबाईंचे. यात माझा वाटा केवळ मूठभर.”

दोनशे पेनं हवेत थांबली. आईंनी किंचित विचार केला.

“ते राहू द्या, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “एवढा घोळ चिमटीत मावत नाही.”

पेनं खाली ठेवली गेली, आणि सूप वाढायला सुरुवात झाली.