कर्मचारी पुस्तिकेचं पारायण

तपासणीला आलेल्या अक्षदा मॅडम अकराव्या पानावर थांबल्या आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"बाळासाहेब, तुमच्या शेडमध्ये एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी असते?"

मंचरच्या बाहेर, हायवेला लागून बाळासाहेबांची भेंडी निवडून खोक्यांत भरायची शेड होती. माल मुंबईच्या एका निर्यातदाराला जायचा. त्या निर्यातदाराला परदेशातल्या गिऱ्हाइकानं कळवलं होतं की, जिथं कामगारांसाठी नियमांची पुस्तिका असेल तिथलीच भेंडी आम्ही घेऊ. अक्षदा मॅडम त्या गिऱ्हाइकाच्याच वतीनं तपासायला आल्या होत्या. बाळासाहेबांनी ती पुस्तिका एका फोनवर पैदा केली. त्यांचा पुतण्या भरत बंगळुरूला नोकरीला होता. त्याच्या कंपनीची पुस्तिका मागवली, वरचं नाव बदललं आणि छापून आणली. आतलं वाचायचंही असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आता लिवलंच हाय तर देऊ की सुट्टी," बाळासाहेब म्हणाले. "बायका चांगल्या हायेत कामाला."

"आणि शुक्रवारी पाळीव कुत्रा कामावर आणता येईल, असंही लिहिलंय."

"कुत्रं तर रोजच असतंय."

मॅडमनी पुस्तिका मिटली. "आपण महाराष्ट्रात आहोत. पुस्तिका इथल्या कामगार कायद्याप्रमाणे हवी, कामगारांच्या भाषेत हवी आणि त्यांना ती कळलेली हवी. मी दहा दिवसांनी येते. वाटेल त्या बाईला उभी करून विचारीन. नाही जमलं, तर ही ऑर्डर दुसऱ्या शेडला जाईल."

मॅडमची गाडी गेल्यावर बाळासाहेबांनी सुनेला हाक मारली. नूतन पुण्यात मनुष्यबळ व्यवस्थापन शिकलेली होती. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन ती निरगुडसरच्या घरात आली आणि दुसऱ्याच महिन्यापासून 'जरा बघायला' म्हणून शेडवर येऊ लागली. जरा बघायला म्हणजे हजेरी, पत्रव्यवहार, गाड्यांचे फोन आणि बर्फ वेळेवर आला नाही की बर्फवाल्याशी भांडण. कामाला नाव नव्हतं आणि बसायला ठरलेली जागा नव्हती. व्यवस्थापक म्हणून रीतसर बसायचं तिच्या फार मनात होतं. तसं ती दोनदा म्हणालीही होती आणि दोन्ही वेळा बाळासाहेबांना नेमका कुणाचा तरी फोन आला होता.

"हे पुस्तक तू लिही," बाळासाहेब म्हणाले. "पास झालं तर हापिसची खुर्ची तुझी. न्हाई झालं, तर घरी सासूला हातभार लाव. तिचं गुडघं दुखत्यात."

नूतननं पदर खोचला. सहा दिवस ती कायदे वाचत होती आणि त्यातून नऊ प्रकरणं लिहीत होती. बाळासाहेबांनी हस्तलिखित हातात घेतलं आणि प्रत्येक ओळीवर त्यांचं बोट अडलं.

"सलग पाच तास काम झालं की अर्धा तास विश्रांती. हे लिवायलाच पायजे का?"

"कायदा आहे, मामा." सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"आन् हे? नेमणूकपत्राशिवाय कुणालाही कामावर ठेवता येणार नाही. कुणालाही म्हंजे?"

"म्हणजे कुणालाही."

"लिव. कोण वाचतंय."

त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. शेडमध्ये सदतीस बायका होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची शाळेशी ओळख दुसरी-तिसरीतच तुटली होती. नूतननं टेबलाशी उभं राहून वाचायला सुरुवात केली. एकीकडे प्रतवारीचं मशीन धडधडत होतं आणि बायकांचे हात आणि तोंडं आपापली कामं करत होती. पहिलं प्रकरण संपल्यावर तिनं जवळच्या झुंबरबाईंना विचारलं, "काय कळलं?"

"तुमचा आवाज लई गोड हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

मॅडम यायला चार दिवस उरले होते. नूतनला हौशीराम आठवले. हौशीराम शेडचे वॉचमन, मूळचे डिंगोऱ्याचे. गावच्या सप्ताहात दरवर्षी पोथी तेच वाचायचे आणि त्यांचा आवाज बिनस्पीकरचा ओढ्यापलीकडे जायचा, असं ते स्वतःच सांगायचे. नूतननं पुस्तिकेची एक प्रत त्यांच्या हातात दिली.

"हौशीरामबाबा, एवढं सगळ्यांना वाचून दाखवा. नुसतं वाचू नका, समजलं पाहिजे."

"आसं म्हंता? मंग रीतीनं वाचतो," हौशीराम म्हणाले. त्या वाक्यात धोका होता, पण नूतनला पुस्तिकेच्या आणखी प्रती काढायला मंचरात जायचं होतं आणि झेरॉक्सच्या दुकानात लाइट कधी जाईल याचा भरवसा नव्हता.

दीड तासानं ती परत आली तेव्हा मशीन बंद होतं. भेंडीची खोकी भिंतीला सारून जमीन पुसून घेतली होती. मधोमध चौरंग, चौरंगावर नवा टॉवेल, टॉवेलवर पुस्तिका आणि पुस्तिकेवर झेंडूची दोन फुलं. उदबत्ती लागली होती. सदतीस बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या आणि अंघोळ करून आलेले हौशीराम ओवीच्या चालीवर वाचत होते.

"उभ्यानं काम करणाऱ्याऽऽ कामगारांनाऽऽ, बसण्याची सोयऽऽ करण्यात येईलऽऽ."

मग ते थांबले आणि अर्थ सांगू लागले. "बैलाला जू सोडायची येळ ठरल्याली आसती. गाडी थांबली की बैल बी बसतो. मंग बाईनंच का दिसभर उभं ऱ्हायाचं? तर या ठिकाणी काय सांगितलंय, की बाईनं बसावं."

बायकांनी माना डोलावल्या. नूतननं घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी गाडी भरायची होती.

"बाबा, आता पुढचं उद्या," ती हळूच म्हणाली.

"अध्याय चालू हाय," झुंबरबाईंनी तिला खाली बसवलं.

एवढ्यात बाळासाहेबांची जीप आली. मशीनचा आवाज का नाही, म्हणून ते तावातावानं आत शिरले. चौरंग दिसला, उदबत्तीचा वास आला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचे पाय चपलांतून आपोआप बाहेर आले. त्यांनी हात जोडले. बायकांतल्या ठमाबाईंनी त्यांच्या हातात नारळ दिला, कारण नारळ मालकानं फोडायचा असतो. बाळासाहेबांनी तो फोडला, पाणी शिंपडलं, खाली बसले आणि मग शेजारी बसलेल्या सुनेला विचारलं, "कसलं वाचन हाय?"

"आपली पुस्तिका आहे, मामा."

बाळासाहेब उठायला गेले, पण मध्येच उठायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. अध्याय संपेपर्यंत ते मांडी घालून, आपल्या कामगारांचे हक्क ऐकत बसले. संपल्यावर मात्र त्यांनी आवाज चढवला.

"हौशीराम, बास झालं. ही पोथी न्हाई, नियमावली हाय."

"मंग नारळ कुनी फोडला?" हौशीरामांनी शांतपणे विचारलं. "मालक, बसवल्यालं वाचन अर्ध्यात सोडायचं न्हाई. आमी डिंगोऱ्यात एका साली सोडलं व्हतं. त्या साली गावात एक बी लगीन जमलं न्हाई."

हा पुरावा बायकांना पटला. समाप्तीपर्यंत रोज दुपारी वाचन व्हायचं ठरलं. त्या दिवशीची गाडी अर्धीच भरून गेली. बाळासाहेबांच्या पत्नी साळुबाई शेडसाठी रोज दोन वेळा चहा करून पाठवायच्या. शेडवर पोथी बसलीय असं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा गुडघे धरत त्या स्वतःच प्रसादाचा शिरा घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून ऐकत बसल्या. पुढचे दोन्ही दिवस त्यांनी एक अध्याय चुकवला नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. ऐकलेलं पाळायचं असतं. दुसऱ्याच दिवसापासून सकाळी आठला कामाला लागलेल्या बायका एकच्या ठोक्याला हात झाडून उठू लागल्या, मग भेंडी बर्फात जायची राहिली असली तरी. "पोथीत हाय," एवढंच त्या सांगायच्या. युनियन असती तर बाळासाहेबांनी तिला वर्षभर झुलवलं असतं. पोथीपुढे त्यांचा इलाज चालेना. ते गुपचूप मंचरात गेले आणि सदतीस प्लॅस्टिकचे स्टूल घेऊन आले. बायकांच्या नेमणूकपत्रांवरही त्यांनी मुकाट सह्या केल्या.

दहाव्या दिवशी अक्षदा मॅडम आल्या. त्यांनी हजेरीपट पाहिला, नवी पुस्तिका चाळली, मान हलवली आणि स्टुलावर बसलेल्या झुंबरबाईंना विचारलं, "मावशी, पुस्तिकेत काय आहे, सांगाल का?"

झुंबरबाईंनी हात पुसले, पदर घेतला आणि पहिल्या अध्यायापासून चालीवर म्हणायला सुरुवात केली. कामाचे तास झाले, साप्ताहिक सुट्टी झाली. मॅडम टिपणं घ्यायचं विसरल्या. पुण्यापासून नाशिकपर्यंत इतक्या शेड बघितल्या, असं कुठंच ऐकलं नाही, असं त्या म्हणाल्या. बाळासाहेबांनी मिशांवरून हात फिरवला. नूतनला दहा दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

"अजून हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "अध्याय दुसरा. नेमणूकपत्राशिवाय कुणालाही कामावर ठेवता येणार नाही. आमा समद्यांना पत्रं मिळाली. पर मला एक इचारायचं व्हतं. या पोरीचं पत्र कुठंय?"

त्यांचं बोट नूतनकडे होतं.

"ह्या कोण?" मॅडमनी विचारलं.

"ती नूतन, सून हाय," बाळासाहेब हसून म्हणाले.

मॅडमनी पुस्तिकेतली पदांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "सून हे पद यात नाही."

"आवो, घरचं मानूस हाय ते."

"घरचं माणूस दीड वर्ष रोज सकाळी आठला इथं येतं. हजेरीपटावर रोज त्यांची सही आहे. पत्र नाही, पद नाही. बाळासाहेब, ही गंभीर त्रुटी आहे. एवढ्या एका गोष्टीवर मला तुम्हाला नापास करावं लागेल."

नूतननं पुस्तिकेचं ते पान उघडलं. ती ओळ तिनंच लिहिली होती. 'कुणालाही म्हणजे कुणालाही' असंही तिनंच ठासून सांगितलं होतं. आता त्याच ओळीवर ऑर्डर जाणार आणि तिच्या नशिबी घरची चूल येणार. तिला झुंबरबाईंचा राग आला आणि लगेच स्वतःचा आला, कारण झुंबरबाईंचं काही चुकलं नव्हतं.

"आजच्या आज पत्र दिलं तर?" तिनं विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा ठाम निघाला.

"रुजू तारीख खरी घालून दिलं, तर मी सुधारणा म्हणून नोंदवीन."

बाळासाहेबांनी सदतीस स्टुलांकडे पाहिलं. सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी लेटरहेड मागवलं. पत्रात काय काय हवं ते हौशीराम दारातून सांगत होते, पद, कामाचे तास, सुट्टी, चालीसकट. पदाच्या जागी बाळासाहेबांचं पेन जरा रेंगाळलं. मग त्यांनी 'व्यवस्थापक' लिहिलं आणि सही केली. मॅडमनी पास केलं. नूतननं ते पत्र दोनदा वाचलं. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण बर्फवाल्याचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतन आपल्या टेबलाशी बसली होती आणि बाळासाहेब गाडीचा हिशोब विचारत होते, तेव्हा साळुबाई आल्या. हातात चहाची किटली नव्हती. ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. त्या स्टूल ओढून बसल्या.

"शेड बांदल्यापासनं च्या माझाच हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी तुमचा कांदा मीच निवडीत व्हते. त्याच्याबी आदी गोठा व्हता. माजं पत्र लिवा."

बाळासाहेबांनी आधार शोधायला सुनेकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी एक कोरं लेटरहेड त्यांच्यापुढं सरकवलं.

त्यांनी नाव लिहिलं. पद काय घालावं, ते काही सुचेना, म्हणून ते खालच्या ओळीवर गेले. "रुजू तारीख काय घालू?"

"लग्नाची घाला," साळुबाई म्हणाल्या.

बाळासाहेबांनी पेन टेकवलं, उचललं आणि छताकडे पाहिलं. मशीन सुरू व्हायचं होतं. बायका हातातली भेंडी तशीच धरून बघत होत्या.

"लगीन पावसाळ्यात व्हतं का?" त्यांनी विचारलं.