तेराव्या अध्यक्षा

अमेरिकेत, इंडियानातल्या एका गावात भगिनीसंघाची राष्ट्रीय कचेरी आहे. देशभरच्या कॉलेजांतल्या मुली या संघात शिरतात, एका घरात राहतात आणि मरेपर्यंत एकमेकींना बहीण मानतात. संघाला शंभर वर्षं झाली तेव्हा 'स्त्री-नेतृत्वाचा इतिहास' सांगणारं दालन उघडायचं ठरलं. एकूण एक माजी अध्यक्षांच्या तसबिरी भिंतीवर चढल्या आणि प्रत्येकीखाली पितळी पाटी बसली.

व्हर्लिन स्टाउफर हा ट्रॅक्टर दुरुस्त करता करता म्हातारा झालेला माणूस. त्याची बायको संघाची तेरावी अध्यक्षा होती. गेल्या हिवाळ्यात ती वारली. उद्घाटनाला महिनाभर अवकाश होता, पण याला दम निघेना. स्वतःच शर्टाला इस्त्री करून तो तसबीर बघायला आला. तसबीर झकास होती. पाटीवर लिहिलं होतं, 'मिसेस व्हर्लिन स्टाउफर'.

तो दालन समितीच्या प्रमुख ग्वेनिथबाईंना म्हणाला, "बाई, हे तर माझं नाव. तिथं तिचं हवं."

"भाऊजी, तेव्हा पद्धतच तशी होती," ग्वेनिथबाई म्हणाल्या. बहिणीचा नवरा म्हणून संघात सगळ्या त्याला भाऊजीच म्हणत. "सभेची इतिवृत्तं, बातम्या, फोटो, सगळीकडे नवऱ्याचंच नाव. बघा ना, ही अख्खी भिंत."

"मग आता बदला. तिचं नाव..."

"थांबा! सांगू नका! तोंडी माहिती ऐकली की नोंदवावी लागते, आणि पुराव्याशिवाय नोंदवता येत नाही. तिच्या स्वतःच्या नावाचा, अध्यक्षपदाच्या काळातला कागद आणा."

व्हर्लिनने घर पालथं घातलं. संघाकडून बायकोला आलेलं प्रत्येक पत्र 'मिसेस व्हर्लिन स्टाउफर' यांनाच होतं. शेवटी तो तिचा संघप्रवेशाचा दाखला घेऊन गेला.

दाखला बघून ग्वेनिथबाई खूष झाल्या. "ही भगिनी आमच्या नोंदीत आहे! पण हिचं आडनाव माहेरचं. म्हणजे ही कोणी वेगळीच. शिवाय वारल्याची नोंद नाही, तेव्हा ती हयात आहे. बदल हवा असेल तर तिनं स्वतः अर्ज करावा."

"ती वारलीय हो. तुम्हीच फुलं पाठवली होतीत."

"ती मिसेस व्हर्लिन स्टाउफर यांच्यासाठी."

तरीही भाऊजींची तळमळ समितीपुढे ठेवण्यात आली. समिती पुढारलेल्या विचारांची होती. बाईची ओळख तिच्या लग्नावरून होणं अपमानास्पद आहे, असं समितीत एकमत झालं आणि सगळ्या पाट्यांवरून 'मिसेस' तेवढं काढून टाकण्यात आलं. भिंतीवर राहिली ती नुसती पुरुषांची नावं. त्यांतले व्हर्लिन सोडून बाकीचे सगळे वारलेले. त्यामुळे संघाच्या हयात माजी अध्यक्षा म्हणून एकच व्यक्ती उरली. तिच्या सत्काराचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

"अहो, मी पुरुष आहे," व्हर्लिन म्हणाला.

"तशी नोंद नाही," ग्वेनिथबाई म्हणाल्या. "आणि आता संकोच पुरे, ताई."

उद्घाटनाला व्हर्लिनच्या कोटावर संघाची पिन लावली गेली, हातात गुलाब आला. निदान माइकवर तरी बायकोबद्दल बोलता येईल, म्हणून तो निमूट उभा राहिला. पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "ताई, स्त्री म्हणून नेतृत्व करताना काय अडचणी आल्या?"

"मला कसल्या अडचणी?" व्हर्लिन म्हणाला. "सगळं माझ्या बायकोनं केलं. एका डीननं मुलींचं घर बंद करायला काढलं, तेव्हा ती विणकाम घेऊन त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसली. तो म्हणाला, मला वेळ नाही. ही म्हणाली, मला आहे. स्वेटर पुरा झाला आणि डीननं सही केली. तो स्वेटर मी अजून घालतो. ती दौऱ्यावर गेली की मी डब्यातलं सूप गरम करून प्यायचो. एवढाच काय तो माझा हातभार."

सभागृह गहिवरलं.

"किती हा विनय!" ग्वेनिथबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सगळं श्रेय जोडीदाराला! बघा भगिनींनो, प्रत्येक कर्तबगार बाईच्या पाठीशी अशी एखादी बायको असतेच."

सगळ्या उठून उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात. व्हर्लिनने दोनदा हात वर केला, काही सांगायचंय म्हणून. बायकांना वाटलं, ताई अभिवादन स्वीकारताहेत.

मग लेमन पाय आणि सरबत झालं. सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. तिचं नाव काय होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. ग्वेनिथबाईंनी नाही, समितीने नाही, आणि राग मानू नका, इथवर हसत वाचत आलात, तुम्हीही नाही.

आर्डिथ. तिचं नाव आर्डिथ होतं.