राखेनं घासलेली मोटार

हसीनाबीनं मोटार राखेनं घासली यात तिचं चुकलं कुठं, हे आम्हाला तरी सांगता यायचं नाही. हंडा काळा पडला की राख आणि काथ्या घ्यायचा आणि गोल गोल घासायचा, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. आणि जळकोटच्या वीरप्पा मालीपाटलांच्या मोटारीएवढी काळी वस्तू अख्ख्या निजामी मुलखात नव्हती. त्यात संध्याकाळी साक्षात तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टरच, जेवायला यायचे होते. तिचा मुलगा शब्बीर मोटारीवर ड्रायव्हर. तो पहाटेच्या नमाजाला गेला तेवढ्यात म्हातारीनं पदर खोचला.

लढाईमुळं पेट्रोल मिळेना. त्यामुळं मोटार फिरायची कमी आणि पुसायचीच जास्त. शब्बीर तिला मलमलीशिवाय हात लावत नसे. तो परत आला तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं आणि मोटारभर, टपापासून मडगार्डापर्यंत, चऱ्यांची बारीक चंदेरी वर्तुळं चमकत होती.

"या अल्ला! अम्मा, हे काय केलंस?"

"घासली की. उपकार मान!"

"भांडं हाय व्हय ते? आजपास्नं माझ्या मोटारीला हात लावशील तर बघ!"

"न्हाय लावत जा. तू पाया पडलास तरी लावत न्हाय!" हसीनाबीनं राखेचं मडकं उचललं आणि डोळे पुसत घरात गेली.

एवढ्यात मालक बाहेर आले. मालीपाटलांचा एक स्वभाव होता. ते चाकराला जागच्या जागी कधीच रागवत नसत. पाहुणे जमले की मग त्यांच्यादेखत निकाल लावायचे. गेल्या वर्षी आचाऱ्याकडं बघून नुसतं "हुं" म्हणाले आणि संध्याकाळी भरल्या पंगतीत त्याला घरी पाठवला. आज त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, एका वर्तुळावरून बोट फिरवलं, "हुं" म्हणाले आणि घोड्यावर बसून साहेबांना आणायला नळदुर्गाकडं निघून गेले.

शब्बीरनं ओळखलं, संध्याकाळी आपला निकाल. सात पिढ्यांत कुणाला मिळाली नाही अशी नोकरी, तीही राखेत गेली! तो धावत रसूल शिकलगाराकडं गेला. रसूलचाचा विळे-कात्र्यांना धार लावायचे, पण सल्ला कशावरही द्यायचे.

"चरे हातानं निघायचे न्हाईत," ते म्हणाले. "फिरतं चाक पायजे. माझ्या चाकाला घोंगडं गुंडाळू, तेल आन गाळीव चुना लावू. आरसा करून देतो, आरसा!"

चाक होतं लाकडी घोडीवर बसवलेलं, खाली पायडल. घोडी काही मोटारीवर चढेना.

"उलटी टांगा," रसूलचाचांनी फर्मावलं.

मग घोडी लिंबाच्या फांदीला उलटी टांगली. चाक खाली आलं, पायडल आभाळाकडं गेलं. पायडल मारायला रसूलचाचा शिडीवरून फांदीवर चढले आणि पायडलाची दोरी त्यांनी अंगठ्याला बांधली. शिडी मोटारीच्या आड येत होती म्हणून काढून ठेवली. आता चाक एका जागी, तेव्हा मोटारीनंच हलायला हवं. व्यंकट गड्यानं बैलजोडी आणून मोटारीला जुंपली.

"फुडं घे!" वरून हुकूम आला. बैल पुढं गेले. "आता मागं!"

"चाचा, बैल मागं जात न्हाईत," व्यंकट म्हणाला.

"मग सोड आन मागल्या अंगाला जुंप!"

झालं! दर हातभर कामाला बैल सोडायचे, मागं जुंपायचे, पुन्हा सोडून पुढं आणायचे. बैलांनासुद्धा माणसांची कीव आली असेल. पहिल्यांदा भाकरीएवढी जागा लखलखली. तिच्यात लिंबाची पानं दिसली आणि रसूलचाचांचा घामेजलेला चेहराही दिसला. पण तिच्यापुढं उरलेली मोटार जास्तच भिकार दिसू लागली, म्हणून सगळी घासणं आलं. टप झाला. दारांची पाळी आली तेव्हा चाचांनी मोटार आडवी पाडायला सांगितली. शब्बीरनं हात जोडले आणि दोरी ओढून घोडीच तिरकी केली. दिवस कलला तेव्हा मोटारीवर औषधालाही चरा उरला नव्हता.

तेवढ्यात तालुकदारसाहेबांची कोरी करकरीत निळी मोटार आली. पाठोपाठ घोड्यावरून मालीपाटील.

"या साहेब, आधी हे बघा!" मालकांची छाती फुगली होती. "वाटंत सांगितलं ना, आमच्या मोटारीवर बिदरी काम केलंय. काळ्यावर चांदीची नक्षी! माझ्या ड्रायव्हरनं गुपचूप..." ते थांबले. "शब्बीर, नक्षी कुठं हाय?"

"मालक... ती... पुसली."

साहेब मिशीत हसले. मालीपाटलांचं नाक जळकोटच्या वेशीवर कापलं गेलं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "जेवणं हुईस्तोवर नक्षी पायजे. न्हायतर उद्यापास्नं बैलं हाक."

बैल किती वेळा जुंपावे लागतात हे शब्बीरला आज पुरतं कळलं होतं. तो घराकडं पळाला.

"अम्मा, चल! राख घे!"

"म्या हात लावला तर बघशील म्हनला हुतास. बघ की."

त्यानं दोन्ही कान धरले, वाकला आणि खरोखर पाया पडला. "चुकलं अम्मा. तुझ्यावानी घासणारं कुणी न्हाय."

हसीनाबीनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मडकं काखोटीला मारलं. म्हातारी अशी घासत सुटली की साहेब विडा चघळत बाहेर आले तेव्हा मावळत्या उन्हात मोटार वर्तुळांनी फुलून गेली होती.

"सुभानल्ला!" साहेब म्हणाले. "बाई, आमच्याही मोटारीवर करा. आत्ताच!"

हसीनाबी तोऱ्यात निळ्या मोटारीकडं वळली. काथ्याचा पहिला आवाज झाला आणि साहेबांचा ड्रायव्हर मटकन खाली बसून रडायलाच लागला.

शब्बीरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "भाई, रडू नको. रसूलचाचा अजून झाडावरच हायेत."