दोन मिनिटं बंद पडणारी व्हॅन

वर्तक कुणासाठी थांबत नसत. शनिवार पेठेतून खराडीला ऑफिसची माणसं नेणारी त्यांची व्हॅन सकाळी साडेसातला सुटायची. सात एकतीसला धावत आलेल्याला ते काचेतून हात करायचे, तोही निरोपाचा. आणि अशा माणसाची व्हॅन रोज येरवड्याच्या पुढे एका गल्लीत, एका कुलूपबंद घरासमोर आपोआप बंद पडायची. दोन मिनिटांनी पुन्हा चालू व्हायची.

मी नवा, म्हणून मला पुढची सीट मिळाली. ती रिकामी का, हे मागच्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या घरात एकट्या राहणाऱ्या मोकाशीबाई अकरा वर्षं या सीटवर बसायच्या. वर्षापूर्वी त्या गेल्या, आणि तेव्हापासून गाडी त्यांच्या दारात बंद पडू लागली.

फाटकामागे अंगणभर पानं साचलेली. दाराशी चपलांचा एक जोड अजून तसाच. इंजिन बंद झालं की गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि व्हॅनचं मागचं सरकतं दार आपणहून वीतभर उघडायचं.

"उतार आहे," वर्तक म्हणायचे. मागचे कुलकर्णी मात्र न बोलता जरा सरकून जागा करायचे.

मी एकदा धीर करून विचारलं, "कोणी बसतं का हो इथे?"

"बसत असेल तर वेळेवर बसतं. तुमच्याबद्दल तसं म्हणता येत नाही."

गाडी चार लाख किलोमीटर पळालेली. तेल प्यायची, धूर काढायची, उड्डाणपुलावर चढताना कण्हायची. इंजिन बदला, असं सगळेच सांगत. वर्तक आधी म्हणाले, पितृपक्ष होऊ दे. मग दिवाळी होऊ दे. मग म्हणाले, नव्या इंजिनाला रस्ता माहीत नसतो. कुणासाठी न थांबणारा माणूस इतका का घुटमळतो, ते कळेना.

एका रविवारी त्यांच्याबरोबर नाना पेठेत रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. वर्तक चहाला गेल्यावर त्या बंद पडण्याबद्दल हळूच विचारलं. रफिकभाईंनी फडक्याला हात पुसले. म्हणाले, हे इंजिन थकलंय, एक दिवस बसेल ते कायमचं. पण रोज एकाच जागी बंद पडून पुन्हा चालू व्हावं, असं त्यात काहीही नाही.

सोमवारपासून मी त्या सीटवर अगदी कडेला टेकून बसू लागलो.

मग एका सकाळी पुलाच्या चढावर काळा धूर सोडून इंजिन बसलंच. वर्तक बराच वेळ बोनेटवर हात ठेवून उभे होते. शेवटी म्हणाले, "बदलतो." ऑपरेशनच्या कागदावर सही करणाऱ्याचा आवाज असतो, तसा तो आवाज होता.

आठ दिवसांनी नवं इंजिन आलं. आवाज इतका मऊ, की गाडी चालू आहे का, हे हात लावून पाहावं. आम्ही गल्लीत वळलो. मोकाशीबाईंच्या घरासमोर गाडी बंद पडली.

मागे कुलकर्णी रामरक्षा पुटपुटू लागले. फाटकाकडे बघण्याची हिंमत नव्हती, म्हणून मी खाली बघत होतो. त्यामुळेच दिसलं. किल्ली वर्तकांच्या बोटांत होती आणि ती त्यांनीच उलटी फिरवली होती.

मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.

"त्या दिवशी त्या बाहेर आल्या नाहीत," ते फक्त मला ऐकू येईल इतकं हळू म्हणाले. "मी एक हॉर्न दिला आणि निघून गेलो. त्या दाराच्या आत पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तासभर तरी जिवंत असतील." मग म्हणाले, "जुनं इंजिन होतं तोवर त्याच्यावर ढकलता येत होतं. आता काय सांगू लोकांना?"

मी मागे वळून म्हटलं, "नवीन इंजिन आहे. रुळायला वेळ लागेल."

वर्तकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या गल्लीत पहिल्यांदाच ते गाडीतून उतरले. फाटक ढकलून, पानं तुडवत दाराशी गेले आणि कुलूप लावलेल्या दारावर त्यांनी दोनदा थाप मारली. आत कोणी नव्हतं. तरी ते कान देऊन उभे राहिले, आणि आम्हीही गाडीत बसून राहिलो.